चौदा पोती, बत्तीस टन

खताबद्दल विचारणाऱ्या पत्रांच्या या वेळच्या गठ्ठ्यात एक वहीचं पान निघालं. मजकूर चार ओळींचा, हिशेब पानभर, आणि कोपऱ्यात दुकानाच्या पावत्या टाचलेल्या. असं पत्र आलं की मला बरं वाटतं. अठ्ठावीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली. समोर येणाऱ्यांतला दर दुसरा माणूस 'खत भरपूर टाकतोय की हो' एवढंच सांगायचा, आणि भरपूर म्हणजे किती असं विचारलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. तेव्हा आज पहिलं उत्तर लांबणार. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

ताई, माझा पावणेदोन एकर ऊस आहे, जात को ८६०३२. जमीन मध्यम काळी, पाटाचं पाणी. लागणीला एकरी ५२ टन निघाला, त्याच रानात खोडवा ठेवला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा ऊस घेतला, तर ३२ टनांवर आला. खताला मी कमी पडलो नाही. एकरी युरिया ८ पोती, डीएपी ३ आणि १०:२६:२६ ची ३, अशी १४ पोती तीन वेळा विभागून टाकली. तोड झाल्यावर पाला पेटवून दिला होता. आता दुसऱ्या तुकड्यातल्या लागणीला पंधरवड्यात ऊसतोडीची टोळी येईल. खोडवा ठेवू का? ठेवला तर किती पोती वाढवू?
— एक ऊस उत्पादक, ता. वाळवा

खोडवा ठेवा, पोती कमी करा. कसं ते सांगते, पण आधी तुमचीच पावती समोर घेऊ.

पोत्यात नुसतं खत भरलेलं असतं, त्यातलं अन्नद्रव्य, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश), किती ते वर टक्क्यांत छापलेलं असतं. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे पोत्यामागे २०.७ किलो. डीएपीचं पोतं ५० किलोचं, त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. १०:२६:२६ च्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. आता बेरीज करा. तुम्ही एकरी २०८ किलो नत्र, १०८ किलो स्फुरद आणि ३९ किलो पालाश टाकलात. खोडव्याची शिफारस आहे, त्याच क्रमानं, हेक्टरी २५०:११५:११५ किलो, म्हणजे एकरी १००:४६:४६. नत्र दुपटीहून जास्त, स्फुरद दुपटीहून जास्त, आणि ज्याच्यावर उसाचं वजन आणि साखर बरीचशी अवलंबून, तो पालाश सात किलोनं कमी. १४ पोती उचलून आणली, पैसे मोजले, आणि ताटात वाढताना भात दोनदा अन् आमटी अर्धी वाटी.

बरं, २०८ किलो नत्र गेलं कुठं? तुम्ही लिहिलं नाही, पण पाटाचं पाणी आणि तीन हप्ते म्हटल्यावर मी समजून चालते की सरीत हातानं फेकलं आणि मग पाणी सोडलं. कधी तरी युरिया फेकल्यावर दोन दिवसांनी, पाणी लांबलेलं असताना, संध्याकाळी बांधावर उभे राहा. एसटी स्टँडच्या मुतारीजवळ येतो तसला झोंबरा वास येईल. तो अमोनिया, म्हणजे तुमचं नत्र. आपल्या चुनखडीच्या, आठाच्या पुढे सामू (पीएच) असलेल्या रानात तो जास्त सुटतो. काही जण म्हणतात, हल्ली युरियाला कडुनिंबाचं आवरण आहे ना, मग उडतो कसा? ते आवरण पुढच्या पायरीवर, अमोनियाचं नायट्रेट होण्यावर लगाम घालतं. वर उघड्यावर पडलेल्या दाण्यातून वायू सुटतो, त्याला ते अडवत नाही. जे उडालं नाही, त्याचं नायट्रेट होतं आणि सरी तुडुंब भरून दिलेल्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं. तिथून ते कुणाच्या विहिरीत जातं ते बघायला आपण जात नाही. फेकून दिलेल्या युरियातलं निम्मंही पिकाच्या तोंडी लागत नाही, हे धरून चाला.

स्फुरदाचं उलटं. तो उडत नाही, वाहत नाही, हलतच नाही. वर पडला तर वरच्या दोन बोटांत चुन्याला धरून बसतो. खोडव्याची कामाची मुळं खाली वीतभर. डीएपीची तीन पोती वर आणि भूक खाली, मध्ये माती.

आता पाला. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, पालाश पाऊण ते एक टक्का. म्हणजे १५-२० किलो नत्र आणि २५-४० किलो पालाश एका काडीच्या पेटीनं... नाही, चुकलं, पालाश जळत नाही, राखेत उरतो. पण ती राख चैताच्या वाऱ्यावर कुणाच्या रानात जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. नत्र मात्र धुरासोबत गेलं आणि सेंद्रिय कर्बही गेला, जो माझ्या प्रयोगशाळेत तुमच्या भागातल्या नमुन्यांत मी क्वचितच पुरेसा बघितला.

तेव्हा टोळी रानाबाहेर पडली की पहिलं काम काडीपेटी घरी ठेवायची. ऊस जमिनीलगत तोडून घ्या. बुडखे वर राहिले असतील तर धारदार कोयत्यानं छाटा आणि त्यांच्यावर बुरशीनाशक मारा, १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम. बुडख्यांवरचा पाला ओढून सरीत दाबा, कोंब उघडे राहू द्या. सरीतल्या पाल्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाका, मग हलकं पाणी. हा युरिया उसासाठी नाही. पाला कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. ते आपण दिलं नाही तर ते जमिनीतून ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाला ठेवल्यानं ऊस पिवळा पडला.

खत द्यायचं पहारीनं. ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची जुनी शिफारस, पण गावागावांत अजून 'कोण एवढं करतंय' म्हणून पडून आहे. अर्धी मात्रा तोडीनंतर १५ दिवसांत, वरंब्याच्या एका बाजूला. उरलेली अर्धी १३५ दिवसांच्या आसपास, दुसऱ्या बाजूला. बुडख्यापासून चार-पाच बोटं, फार तर अर्धी वीत लांब पहार मारायची, वीतभर खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर. खत टाकायचं आणि टाचेनं भोक बुजवायचं. बुजवायचं विसरू नका. भोक उघडं राहिलं तर पुन्हा तो स्टँडचा वास.

तुमच्यासाठी एकरी खत: युरिया २१७ किलो, सुपर २८७ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ७७ किलो. याचे दोन भाग करा. एका वेळी सगळं मिळून २९० किलो होतं. चार फुटी सरीत एकरी जवळपास अकरा हजार भोकं येतात, म्हणजे एका भोकाला २६ ग्रॅम. बाईला 'मूठभर टाक' म्हणालात तर पहिल्या सरीत चाळीस पडतं आणि शेवटच्या सरीला पोतं रिकामं. आमच्या घरी जुन्या कॅमेऱ्यातल्या रिळाची काळी प्लॅस्टिकची डबी होती. सोनाराकडच्या काट्यावर तोलून बघितली. पाऊण भरली की २६ ग्रॅम. तिथं खिळ्यानं चर पाडला आणि दोन बायका जोडीनं लावल्या, एक पहार मारणार, दुसरी डबी ओतणार. तुमच्याकडे रीळ कुठलं असणार, औषधाचं माप चालेल, पण तोलून घ्या.

एक धोक्याची सूचना, आमच्याच घरात घडलेली. पहिल्या वर्षी उत्साहात आदल्या रात्रीच युरिया आणि सुपर मिसळून ताडपत्रीवर ठेवलं. सकाळी बघते तर शिऱ्यासारखा लगदा! या दोघांना एकत्र ठेवलं की पाणी सुटतं. मजुरी भरून बायका बांधावर बसलेल्या आणि मी फावड्यानं लगदा फोडतेय. तेव्हा मिसळायचं ते त्याच वेळी, एका तासात संपेल एवढंच.

आमचा साठ गुंठ्यांचा खोडवा त्या वर्षी एकरी ३५ टनांवरून ४१ वर गेला. ५२ झाला नाही, खोटं कशाला सांगू. पण युरिया निम्म्यावर आला, आणि तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा पाल्याखालच्या सरीत ओल टिकून होती, शेजारच्या रानात भेगा पडल्या होत्या. भोकं पाडायची मजुरी परवडत नसेल तर ट्रॅक्टरला जोडायचं खोडव्याचं यंत्र गटात मिळून भाड्यानं आणा. तेही मातीआड खत पेरतं.

आणि हो, खोडवा १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच. तुमची टोळी लांबली आणि मार्च उजाडला तर हे सगळं विसरा आणि रान मोकळं करा.

मॅडम, यंदा पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळालं नाही. दोन दिवस रांगेत गेले, पेरणी लांबली. सोयाबीनला डीएपीशिवाय दुसरं काय चालतं? मातीच्या अहवालात सामू ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८, स्फुरद ११, पालाश ४८०, असं आहे. त्याचा काय अर्थ?
— एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर

डीएपीसाठी रांगेत उभं राहिलात आणि बाजूला सुपर फॉस्फेटची थप्पी लागलेली होती, हो की नाही? सोयाबीन हे तेलबियांचं पीक, त्याला गंधक लागतं. डीएपीत गंधक नाही. सुपरच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद आणि वर १६ किलोच्या आसपास गंधक मिळतं, शिवाय कॅल्शियम. सोबत २६ किलो युरिया आणि २० किलो पोटॅश घेतलं की एकरी १२:२४:१२ ही तुमच्या भागातली शिफारस पुरी होते. पोतं जड पडतं, बैलगाडी दोनदा जाते, हे मान्य.

अहवालातलं ११ आणि ४८० हे हेक्टरी किलो आहेत. स्फुरद कमी, म्हणून तो पाव हिश्शानं वाढवा, तीनच्या जागी पावणेचार पोती सुपर. पालाश तुमच्या काळ्या रानात भरपूर आहे, तेव्हा पोटॅश २० ऐवजी १० किलो पुरे. सगळा बंद करू नका, दरवर्षी काढलं आणि घातलं नाही तर पेवही रिकामं होतं. खत आणि बी एकाच चाड्यातून सोडू नका. युरिया बियाला चिकटला की उगवण जाते. बियाला आधी बुरशीनाशक, अर्ध्या-एक तासानं रायझोबियम, सावलीत सुकवून लगेच पेरणी. आणि पीक गुडघ्याला आलं की शेजाऱ्याचं बघून युरियाचं पोतं फोडू नका. गाठी फोडून बघा, आतून गुलाबी-लाल असतील तर तिथं तुमचा युरियाचा कारखाना चालूच आहे, तोही फुकट.

नोकरी सोडून गावी आलोय. वडिलोपार्जित भातखाचरं अडीच एकर. लावणीनंतर युरिया फेकतो, पाऊस एवढा की सगळं बांधावरून वाहून खालच्या खाचरात जातं. खालचा शेतकरी माझे आभार मानतो. उपाय?
— एक वाचक, ता. मुळशी

त्याच्याकडून अर्धे पैसे मागा! नाही तर गोळी खोचा.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड कोकण-मावळात अनेकांना माहीत आहे, पण लोक त्यातलं सोपं तेवढं उचलतात. चार सूत्रं अशी: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि खाचरात पेंढा, चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. तुमचं दुखणं चौथ्या सूत्रानं जातं, पण तिसरं केल्याशिवाय चौथं करता येत नाही.

दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आळीपाळीनं बांधा. ओळींतही तेच अंतर. म्हणजे चार चूड (रोपांचे जुडगे) पंधरा-पंधराच्या चौकोनात येतात, आणि चौकोनाच्या मधोमध लावणीच्याच दिवशी एक गोळी, २.७ ग्रॅमची, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात अंगठ्यानं दाबायची. एकरी २५ हजार गोळ्या, साडेसदुसष्ट किलो. त्यातून नत्र जातं साधारण २३ किलो. फेकून तुम्ही ४० देत असाल. चिखलाच्या पोटात हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियम रूपात चिकणमातीला धरून बसतं आणि चारी चूड आपापल्या बाजूनं ते खातात. वरून पाणी कितीही वाहो. नंतर युरियाचा हप्ता लागत नाही.

पण एक पाळा. गोळ्या खोचल्यावर त्या चौकोनात पाय टाकायचा नाही, २५ च्या पट्ट्यातून चालायचं. बेणणी (तण काढणी) करताना हात घालून गोळी वर काढली की संपलं. लावणीच्या बायका पहिल्या दिवशी दोरीला शिव्या देतील. दुसऱ्या दिवशी हात बसतो.

युरियाचं पोतं मागितलं की दुकानदार सोबत द्रवरूप खताची बाटली घ्यायलाच लावतो. ही बाटली पोत्याएवढंच काम करते म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, ता. पैठण

सक्ती करता येत नाही. ई-पॉस यंत्राची पावती मागा आणि लेखी तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, तोंडी नको. कामाचं म्हणाल तर बाटलीवरची नत्राची टक्केवारी वाचा. ४ टक्के असेल तर अर्ध्या लिटरात २० ग्रॅम नत्र. २० टक्के असेल तर १०० ग्रॅम. पोत्यात २० किलो. फवारणीतून पानाला थोडं टॉनिक द्यायचं असेल तर द्या, पण तेवढ्यावर पोतं बंद केलंत तर पीक उपाशी राहील.

दोन वर्षं फक्त जीवामृत देतोय. पहिल्या वर्षी ऊस चांगला होता, आता पेरी आखडली. पद्धत चुकतेय का?
— एक तरुण शेतकरी, ता. फलटण

पद्धत बरोबर आहे, अपेक्षा चुकतेय. दोनशे लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. या सगळ्यात मिळून नत्र पाव किलोही भरत नाही. एक टन ऊस जमिनीतून किलोभर नत्र उचलून कारखान्यात नेतो. जीवामृत हे विरजण आहे. विरजण उत्तम असलं तरी पातेल्यात दूध नको का? पहिल्या वर्षी जमिनीत साठलेलं दूध होतं, ते संपलं. एकरी चार-पाच टन कुजलेलं शेणखत घाला, लागणीआधी ताग पेरून ४५-५० दिवसांनी, फुलावर येताच गाडा, जमलं तर उन्हाळ्यात धनगराची मेंढरं रानात बसवा. आणि उरलेली तूट पोत्यातून भरायला लाजू नका. मुळांना तुमचा पंथ कळत नाही.

माती परीक्षणाला नमुना कसा घ्यावा? शेजारी म्हणतात, कुठूनही मूठभर उचलून द्या.
— एक गृहिणी आणि शेतकरी, ता. कोपरगाव

मूठभरावर काय कळणार? एकरात दहा-बारा ठिकाणी फिरत जाऊन इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून तळापर्यंत तासून घमेल्यात जमवा. बांध, झाडाखाल, विहिरीची कड, उकिरड्याची जागा सोडून. नुकतं खत टाकलेल्या रानात घेऊ नका. सगळी माती सावलीत पसरून मिसळा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. मग कापडी पिशवीत भरून आत चिठ्ठी टाका.

कापडी का म्हणते ते सांगते. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं आमच्या रानाची माती आणून दिली. अहवाल आला तेव्हा स्फुरद एवढा की मी उपकरण दोनदा तपासलं. सासरे मात्र खूश. आठवडाभर पारावर सांगत होते, आमच्या रानात स्फुरद नुसता खच्चून भरलाय, सुनेनंच मोजलाय. मग एका संध्याकाळी न्हाणीघराच्या कोपऱ्यात माती आणलेली पिशवी दिसली. डीएपीच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली! मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराची एक पिशवी शिवून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, म्हणजे पारावर परत जाऊन सांगायला लागणार तर.